सिलिअ‍ॅक असताना शेंगदाणे, सुका मेवा आणि डाळी: सेफ प्रोटीन कसं निवडायचं, टप्प्याटप्प्याने

सिलिअ‍ॅकचं निदान झालं (गहू, जव, राय यांतलं ग्लुटेन हे प्रोटीन आतड्याला इजा करतं असा हा आजार) की बहुतेक घरांत एकच होतं, पोळी बंद, ब्रेड बंद, बिस्किटं बंद, आणि बाकी सगळं आहे तसं चालू. शेंगदाणे काय गहू आहेत का, चालतात. बेसन हरभऱ्याचं, चालतं. डाळ तर चालतेच. हे सगळं खरंच आहे, तरी सहा महिन्यांनी टीटीजी ही या आजाराची रक्ताची टेस्ट परत केली की आकडा अडकलेला दिसतो आणि मग सगळे म्हणतात आम्ही तर गहू घरात आणतच नाही. गहू दाण्यातून येत नाही, दाणा भाजला त्या भट्टीतून येतो, दळला त्या गिरणीतून येतो आणि फोडणीतल्या हिंगातून येतो. म्हणून खाली पदार्थांची चालतं-नाही चालतं अशी यादी देण्यापेक्षा कोणत्या क्रमाने काय करायचं ते लिहिते, कारण चुका क्रमातच होतात.

## आधी हे, मग बाकीचं

टेस्ट पूर्ण व्हायच्या आधी गहू बंद करू नका. रक्ताची टीटीजी-आयजीए आणि डॉक्टरांनी सांगितली असेल तर एंडोस्कोपी करून बायोप्सी, हे दोन्ही गहू खात असतानाच व्हायला हवं. आधीच बंद केलात तर रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो आणि मग निदानासाठी परत गहू खायची वेळ येते, ती कोणालाच नको असते.

दुसरं, नट्सची किंवा शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी ही वेगळी भानगड आहे. ती असेल तर हा लेख तसाच्या तसा वापरू नका.

## १. किती प्रोटीन गेलं ते मोजा

हा टप्पा सगळे गाळतात. पोळीतून प्रोटीन मिळतं हे आपल्या लक्षातच नसतं. मध्यम आकाराच्या ६ पोळ्या म्हणजे साधारण १८० ग्रॅम कणीक, त्यात १८ ते २० ग्रॅम प्रोटीन. ते बंद करून नुसता भात आणि साबुदाण्यावर आलात तर वजन वाढेल पण अंगात ताकद येणार नाही.

आयसीएमआर-एनआयएनच्या, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅमच्या आसपास. निदानाच्या वेळी वजन फार उतरलेलं असेल, किंवा मूल असेल, तर आकडा डायटिशियनकडून घ्या, अंदाजे ठरवू नका.

ढोबळ हिशोब असा लागतो: ३० ग्रॅम डाळीचं वरण ७ ग्रॅम, तेवढ्याच कोरड्या मटकीची उसळ जवळजवळ तेवढंच, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे ७ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीर ९ ग्रॅम, एक अंडं ६ ग्रॅम, वाटीभर दही ५ ग्रॅम, १०० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरी १० ग्रॅम. सोया वडी कोरडी असताना जवळपास अर्धी प्रोटीनच असते. बदाम-काजू यात फार मागे नाहीत पण पुढेही नाहीत, शेंगदाणा त्यांच्यापेक्षा स्वस्त आणि प्रोटीनला जास्त. त्यामुळे सिलिअ‍ॅक झालं म्हणून हजारोंचा सुका मेवा आणायची काही गरज नाही.

## २. खरेदीच्या आधी ओटा

सेफ माल आणून तो जुन्याच मिक्सरमध्ये फिरवला तर काय उपयोग. आधी घर, मग दुकान.

- पिठाची चाळणी नवीन घ्या. जाळीत अडकलेली कणीक कितीही घासली तरी निघत नाही.
- लाकडी पोळपाट-लाटणं, लाकडी उलथनं, लाकडी खलबत्ता, हे सगळं वेगळं. लाकडाच्या भेगांत पीठ बसतं.
- मिक्सरचं चटणीचं भांडं वेगळं. परवडत नसेल तर निदान झाकणाची रबरी रिंग काढून, पात्याखालची बाजू ब्रशने घासून धुवा.
- पोळीचा तवा वेगळा, भाकरीचा वेगळा. चरे पडलेला नॉनस्टिक तर नकोच.
- स्टीलची भांडी साबणाने नीट धुतली की चालतात, ती फेकून द्यायची नाहीत.

डबे लावताना सिलिअ‍ॅकवाल्या माणसाचे डबे वरच्या फळीवर आणि कणकेचा डबा सगळ्यात खाली. उलटं ठेवलं तर दर वेळी पीठ काढताना खाली सांडतं. आणि त्या माणसाचा स्वयंपाक कणीक भिजवायच्या आधी उरकून झाकून ठेवा, कारण कोरडं पीठ हवेत उडून बऱ्याच वेळाने खाली बसतं, उघड्या भांड्यात सुद्धा.

तपासा: पीनट बटर, लोणी, जॅम यांची बरणी घरात एकच आहे का? ब्रेडला लावलेली सुरी परत बरणीत गेली की ती बरणी बाद. वेगळी आणा, वर नाव लिहा.

इतकं कशाला असं घरातले म्हणणारच. त्यांना एवढंच सांगा की सिलिअ‍ॅकमध्ये दिवसाला साधारण १० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन राहिलं पाहिजे असं धरतात, आणि ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये ते दोन ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे दिवसाची मर्यादा एका स्लाइसच्या दोनशेव्या भागाइतकी. चुरा कशाला म्हणायचं ते त्यावरून कळेल.

## ३. दाणे आणि सुका मेवा

नियम एकच, अख्खा, कच्चा, बिनमसाल्याचा घ्या आणि पुढचं सगळं घरी करा. जितक्या कमी हातांतून गेला तितका बरा.

पहिली पसंती सालासकट मालाला. भुईमुगाच्या शेंगा, फोडायचे अक्रोड, सालाचे पिस्ते. कवच असलं की आतला दाणा आपोआप झाकलेला राहतो. खारे पिस्ते घेताना घटकांत पिस्ता आणि मीठ एवढंच असावं.

त्याच्या खालोखाल कंपनीने सील केलेलं कच्चं पाकीट. काजूच्या बाबतीत वेंगुर्ला, चंदगड किंवा गोव्याकडे कोणी ओळखीचं असेल तर फक्त काजूचं काम करणाऱ्या छोट्या कारखान्यातून सीलबंद माल मागवा, जिथे दुसरं धान्य येतच नाही तिथे मिसळणार काय. फक्त तिथेच मसाला काजू पण बनतात का हे विचारून घ्या.

सुट्टा माल शेवटी, आणि खरं तर नकोच. दुकानात बदामाच्या शेजारी मसाला शेंग, तिच्या शेजारी मैद्याची शंकरपाळी, आणि सगळ्यात फिरणारा चमचा एकच. नाइलाजाने घेतलाच तर दुकानदाराकडून न उघडलेल्या पोत्यातला किंवा डब्यातला मागा, वरचा नको. कच्चे बदाम आणि शेंगदाणे घरी चाळून, पाण्याने धुऊन, उन्हात कडक वाळवता येतात. काजू धुऊ नका, मऊ पडतात आणि खराब होतात.

आता भाजलेले दाणे. खारे दाणे आणि फुटाणे यात लोकांना काहीच धोका वाटत नाही कारण दाणा आणि मीठ, संपलं. पण भट्टीवर एकाच वाळूत किंवा मिठात चणे, दाणे, मका, गहू, जे येईल ते भाजलं जाऊ शकतं, आणि ती वाळू काही रोज बदलत नाहीत. चटणीला लागणारं पंढरपुरी डाळं सुद्धा भट्टीतूनच येतं, त्यामुळे ते सीलबंद आणि लेबल वाचूनच.

घरी खारे दाणे करायला काही लागत नाही. पाव किलो दाण्यांवर मिठाचं कडक गरम पाणी ओतून दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवा, निथळा, कापडावर पसरा, मग जाड बुडाच्या कढईत जाडं मीठ तापवून त्यात मंद आचेवर हलवत राहा, सालं तडकायला लागली की उतरवा आणि चाळा. ते मीठ बरणीत भरून फक्त याच कामाला ठेवा. भाजायच्या आधी काळपट, सुरकुतलेले, बुरशीचे दाणे वेचून टाका, ग्लुटेनशी त्याचा संबंध नाही पण त्या बुरशीचं विष भाजूनही जात नाही.

नकोच: कोटेड शेंगदाणे, मसाला शेंग, चीज किंवा बार्बेक्यू फ्लेवरचे काजू-बदाम. कोटिंगमध्ये बेसनाबरोबर मैदा असतो, नाहीतर मसाल्यात हिंग, सोया सॉस, माल्ट यातलं काहीतरी. ट्रेल मिक्स आणि ग्रॅनोलात ओट्स असतात. साधे ओट्स गव्हाच्या आसपासच पिकतात आणि दळले जातात, म्हणून फक्त ग्लुटेन फ्री लिहिलेले आणि तेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.

## ४. लेबल वाचायचा क्रम

आधी मागे, मग पुढे. पुढची मोठी अक्षरं जाहिरात असते.

पहिल्यांदा घटक वाचा. गहू, मैदा, रवा, सूजी, दलिया, जव, बार्ली, राय, माल्ट, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, व्हीट स्टार्च, व्हीट प्रोटीन, यातलं एक जरी दिसलं तरी परत ठेवा. खपली गहू पण गहूच. शुगरवाल्यांना चालतो, पचायला हलका असतो म्हणून नातेवाईक आवर्जून आणून देतात, आपल्याला तो अजिबात चालत नाही. जवस मात्र चालतं, त्याचा जवाशी संबंध नाही. माल्टोडेक्स्ट्रिनला घाबरायचं कारण नाही, नावात माल्ट असलं तरी.

मग अ‍ॅलर्जनची ओळ. भारतात एफएसएसएआय या अन्न नियामक संस्थेच्या नियमाने ग्लुटेनवालं धान्य घटकांत असेल तर ते 'कंटेन्स' म्हणून वेगळं लिहावंच लागतं. पण कारखान्यात चुकून मिसळू शकतं, म्हणजे 'मे कंटेन', ते लिहायची सक्ती नाही. त्यामुळे 'मे कंटेन व्हीट' लिहिलंय तो माल ठेवून द्या, आणि काहीच लिहिलेलं नाही म्हणून सेफ असंही समजू नका.

शेवटी 'ग्लुटेन फ्री'. याचा अर्थ किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत. 'लो ग्लुटेन' म्हणजे २० ते १००, ते आपल्यासाठी नाही. 'व्हीट फ्री' लिहिलेल्यात बार्ली असू शकते. हिरवा ठिपका शाकाहारी एवढंच सांगतो.

तपासा: एकाच कंपनीचे साधे काजू चालतील म्हणून पेरी पेरी काजू चालतील असं नाही, आणि मागच्या वर्षीचं पाकीट चाललं म्हणून नवीन चालेल असंही नाही. दर वेळी वाचा.

## ५. डाळी आणि कडधान्यं: निवडणं परत सुरू करा

पाकीटबंद डाळ आल्यापासून आपण निवडणं सोडून दिलंय, ते परत सुरू करायला लागणार. मसूर आणि हरभरा हे गव्हासारखेच रब्बीत येतात, कुठे आलटून पालटून तर कुठे एकाच शेतात, आणि मळणी, पोती, गोदाम सगळं सामायिक. त्यामुळे अख्ख्या मसुरात गव्हाचा किंवा जवाचा दाणा सापडणं ही काही क्वचितची गोष्ट नाही.

पद्धत अशी:

१. पाव किलोच्या वर एका वेळी घेऊ नका. डोळे थकले की हात नुसता फिरतो.
२. पांढऱ्या ताटात एक थर होईल एवढंच पसरा, उजेडात बसा. फिकट डाळ असेल तर गडद ताट घ्या.
३. लांबट, मध्ये चीर असलेला दाणा शोधायचा. गव्हाची चीर बोटाला लागते, जव टोकाला निमुळता असतो.
४. बाजूला ढकलत एकदा, मग ताट फिरवून परत एकदा.
५. तीन-चार पाण्यांनी चोळून धुवा. गव्हाची धूळ पाण्याबरोबर जाते, दाणा जात नाही, म्हणून धुणं आधी आणि निवडणं नंतर असं करू नका, ओल्या डाळीत दाणा दिसत नाही.

पाव किलोत एखादा दाणा निघाला तर घाबरू नका, निवडून धुऊन वापरा. चार-पाच निघाले तर ते पाकीट घरातल्या बाकीच्यांना द्या आणि ब्रँड बदला. मूग, मटकी, चवळी, वाल, कुळीथ, राजमा यात गव्हाचा दाणा पटकन उठून दिसतो, त्यामुळे सुरुवातीला उसळींवर जास्त भर दिला तरी चालतं. मोड आलेली मटकी बाजारातून सुट्टी आणू नका, घरी मोड आणा, निवडणं त्यातच होऊन जातं.

## ६. पीठ आणि गिरणी

सगळ्यात जास्त गडबड इथे होते, आणि तीही भाबडेपणाने. कोपऱ्यावरच्या गिरणीत गहू दिवसभर चालू असतो. 'आमचं आधी दळा' किंवा 'थोडी ज्वारी आधी टाकून साफ करा' यानं भागत नाही, जात्याच्या खाचांत आणि कापडी पिशवीत पीठ राहतंच. एरवी आपली ज्वारी-बाजरी किती चांगली, पण त्या गिरणीतून आली की तिच्यात गहू आला.

पर्याय दोन. घरची छोटी चक्की घ्या आणि तिच्यात गहू कधीच टाकू नका, पाहुणे आले तरी नाही. किंवा फक्त ग्लुटेन फ्री धान्य दळणाऱ्याकडून ग्लुटेन फ्री लिहिलेलं सीलबंद पीठ. बेसन तर सुट्टं कधीच नको, त्यात मिसळही होते आणि भेसळही. घरी निवडलेली, धुऊन कडक वाळवलेली हरभरा डाळ मिक्सरला फिरवून नव्या चाळणीने चाळली की पिठल्यापुरतं बेसन होतं, थोडं रवाळ राहतं, पिठल्याला काय फरक पडतो. कुळथाचंही तसंच.

सावधान, हे तिन्ही प्रोटीनचे म्हणून दिले जातात आणि तिन्हींत गहू असू शकतो: मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि सातूचं पीठ. मेतकुटात डाळींबरोबर मूठभर गहू घालायची पद्धतच आहे. आपल्याकडचं सातूचं पीठ गहू आणि डाळं भाजून करतात. उत्तरेकडचं सत्तू नुसत्या चण्याचं असतं पण त्यातही कधी जव घालतात, म्हणून घटक वाचा. मेतकूट आणि भाजणी गहू वगळून घरी छान होतात, गव्हाच्या जागी थोडे तांदूळ वाढवा.

## ७. हिंग

याला वेगळा टप्पा दिलाय कारण डाळ निवडली, धुतली, शिजवली, आणि शेवटी फोडणीत हिंग घालून सगळं पाण्यात. आपण वापरतो तो बांधानी हिंग, म्हणजे थोडा खरा हिंग आणि बाकी डिंक आणि पीठ, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, भिंग घ्या पण वाचा. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो ग्लुटेन फ्री लिहिलेला घ्या. मिळेपर्यंत हिंग बंद, लसूण-जिऱ्याची फोडणी द्या, कोणी मरत नाही.

हिंग बदलला तरी तो गोडा मसाला, सांबार मसाला, लोणचं, पापड यात बसलेला असतोच. विकतच्या मसाल्याचं लेबल, आणि कांडप केंद्रावरून आणत असाल तर हिंग कोणता घातला आणि त्याच यंत्रात पिठं दळतात का, दोन्ही विचारा.

## ८. दूध, अंडी, मासे, सोया, पावडरी

दूध-दही-पनीर. निदानानंतर पहिले काही महिने दूध पचत नाही असं होऊ शकतं, आतडं दुखावलेलं असतं, ते बरं झालं की बहुतेकांना परत चालायला लागतं. तोवर दही-ताक बघा. ताकाच्या मसाल्यात हिंग असतो हे लक्षात ठेवा. पनीर घरी फाडलेलं उत्तम. सुट्ट्या पनीरची शंका आली तर तुकडा पाण्यात उकळा, गार करा, टिंक्चर आयोडिनचे दोन थेंब टाका, निळं झालं तर त्यात स्टार्च आहे. तो गव्हाचाच असेल असं नाही पण असलं पनीर घ्यायचंच कशाला. टेस्ट केलेला तुकडा फेकून द्या.

अंडी. उकडलेलं अंडं कुठेही सगळ्यात सेफ. गाडीवरचं ऑम्लेट नाही, त्याच तव्यावर पाव भाजतात.

मासे-मटण. कच्चं सगळं चालतं. घोळ कोटिंगचा, बोंबील-सुरमई रव्यात घोळवतात आणि रवा म्हणजे गहूच. घरी तांदळाचं पीठ, कुरकुरीतपणात काही कमी पडत नाही. विकतचे नगेट्स, कबाब, क्रॅब स्टिक्स लेबल न वाचता नकोत.

सोया. साधी सोया वडी घटकात फक्त सोया असेल तर बरी. सोया चाप मात्र मैद्याशिवाय बहुधा बनतच नाही, आणि सोया सॉसमध्ये गहू असतो. टोफू साधा घ्या.

पावडरी. हॉर्लिक्स, बोर्नव्हिटा ही माल्टवाली पेयं आहेत, माल्ट बार्लीचं, त्यामुळे बंद. मुलांच्या बाबतीत हे शाळेला आणि आजी-आजोबांना स्वतंत्र सांगावं लागतं. व्हे प्रोटीन दुधातलं असतं, पण फ्लेवर आणि कुकी-ब्राउनीचे तुकडे बघा, साधं अनफ्लेवर्ड आणि ग्लुटेन फ्री लिहिलेलं घ्या.

## ९. बाहेर पडताना

हॉटेलात 'डाळ चालेल' म्हणून मागवू नका, हिंग कोणता हे वेटरला माहीत नसतं आणि त्यात त्याचा दोषही नाही. भजी बेसनाची असली तरी त्याच तेलात समोसा तळलेला असतो.

लग्नाकार्यात उपवासाचं ताट मागायचं, यावर माझा फार भरवसा आहे. साबुदाणा खिचडी, वरी, दाण्याची आमटी, यात गहू नाही, हिंग नाही, आणि दाण्याच्या आमटीत प्रोटीनही बरं असतं. फक्त तळलेलं घेऊ नका आणि राजगिऱ्याची पुरी नको, ते पीठ कोणत्या गिरणीतलं ते कळत नाही. वाढणाऱ्याचा पळीचा हात पुऱ्यांवरून येत नाही ना ते बघा, जमलं तर पहिल्या पंगतीआधीच वाढून घ्या.

पर्समध्ये शेंगा, घरचे खारे दाणे, गूळ असा डबा कायम. चिक्की घेतलीत तर सीलबंद आणि दाणे-गूळ एवढीच.

## १०. जमतंय का ते तपासा

सहा महिन्यांनी टीटीजी, मग वर्षाने, आणि डॉक्टर सांगतील तसं हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, डी. पोट बरं वाटतंय म्हणून टेस्ट टाळू नका, काहींना ग्लुटेन गेलं तरी पोटात काहीच कळत नाही.

तोवर वहीत नवीन आणलेल्या प्रत्येक पाकिटाचं नाव आणि तारीख लिहा. एका आठवड्यात एकच नवीन गोष्ट सुरू करा, नाहीतर त्रास झाला तर कशाने झाला हे शोधता येत नाही.

आकडा उतरत नसेल तर याच क्रमाने शोधा: हिंग आणि मसाले, मग गिरणीचं पीठ, मग भट्टीवरचे दाणे-फुटाणे-डाळं, मग घरातली सामायिक चाळणी आणि मिक्सर, मग रोजच्या गोळ्या आणि टॉनिक, ज्यांच्यातल्या स्टार्चबद्दल केमिस्टला नाही तर कंपनीच्या कस्टमर केअरला विचारायचं. एक बंद केलं की दोन-तीन महिने थांबा, टीटीजी हळू उतरते, पंधरा दिवसांत परत टेस्ट करून पैसे घालवू नका. आणि हे सगळं करूनही वर्षभरात फरक नसेल तर वही घेऊन पोटाच्या डॉक्टरांकडे जा, रिपोर्टपेक्षा आधी त्यांना ती वही दाखवा.